जनावराची गोळी, रिकाम्या पोटी

पडद्यावर नटी जिना उतरते तेव्हा जी टकटक ऐकू येते, ती नटीची नसते. आमच्या स्टुडिओत तरी ती टकटक छप्पन्न वर्षांच्या, पूर्ण टक्कल पडलेल्या, भरघोस मिशांच्या एका गृहस्थाची असे. त्यांना आम्ही पाऊलकाका म्हणायचो. एकतीस वर्षं ते इतरांच्या वतीने चालले. राणी चालली की ते काका. राणीच्या मागावर निघालेला चोर, तोही काका. सहा सैनिकांची तुकडी दणदणत गेली, तर काकाच सहा वेळा गेलेले असत.

स्टुडिओच्या मधोमध दहा फूट लाकडी फळ्या बसवल्या होत्या. त्यांवर दुसऱ्या कुणी पाय ठेवलेला काकांना खपत नसे. भिंतीला बुटांचं कपाट, त्यात नव्वद जोड. कुठला जोड वकिलाचा आणि कुठला नव्या विधवेचा, हे ते अंधारात हात घालून सांगत. मी काचेच्या पलीकडे यंत्रापाशी बसायचो, म्हणून मी काचवाला. माझं काम सुईकडे बघायचं. खोलीत काही वाजलं की सुई हलते. आमची सुई इतकी हळवी, की माशीने कूस बदलली तरी दचकायची.

काका सकाळी घरून निघताना नुसता चहा घ्यायचे. जेवण दुपारी दोनला, फळ्यांवरून उतरल्यावर. भरल्या पोटी राणी चालता येत नाही, असं त्यांचं मत. खाल्लं की टाच बोलायला लागते आणि राणीचा हवालदार होतो. एकतीस वर्षांत हा नेम चुकला नव्हता, आणि सगळा घोटाळा या नेमानेच केला.

कारण काकांना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि नीट बजावलं, की ही पोटभर खाण्याबरोबर घ्यायची. पहिले काही आठवडे पोट कुरकुरेल, मळमळेल, शौचाला जास्त जावं लागेल, मग सवय होईल. नाहीच झाली तर या, सावकाश विरघळणारी दुसरी देतो. काकांनी ‘सवय होईल’ एवढंच ऐकलं. सकाळची गोळी सकाळी घ्यायची आणि सकाळी तर राणी चालायची. मग घेतली चहाबरोबर, रिकाम्या पोटी.

तिसऱ्या दिवशी तोंडाला नाणं चघळल्यासारखी चव आली. पाचव्या दिवशी पोटात कुणीतरी फर्निचर हलवायला लागलं. काकू पोस्टात शिक्के मारायच्या आणि बोलायच्याही तशाच. त्यांनी आठवड्याच्या आत नवऱ्याची गादी बाल्कनीत घातली आणि शेजारच्या तिन्ही मजल्यांना कारणासकट कळवलं. खाऊन का घेत नाही, हेही विचारलं. काका म्हणाले, राणी आहे. काकू म्हणाल्या, मग बाल्कनीत राणीला घेऊन झोपा.

कामावर मात्र काकांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. फळ्यांपासून संडासापर्यंत सतरा पावलं होती, ती त्यांनी मोजून ठेवली. एकदा दरबाराचं काम चालू, माइक उघडा, बाहेर लाल दिवा, आणि काका एकदम पांढरेफटक पडले. मोज्यांवरच निघाले. सतरा पावलं पळत गेले, दार उघडलं, लावलं, सगळं उरकलं, परत आले आणि राजा उठण्याच्या बरोबर क्षणाला खुर्ची मागे सरकवली. सुई जागची हलली नाही. तुम्हाला खोटं वाटेल, पण ती फीत अजून माझ्याकडे आहे. तिच्यावर काहीच ऐकू येत नाही, हाच पुरावा.

पण पळून जाता येतं ते माइकपासून. पोट तर बरोबरच येतं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. कुठलाही नवा आवाज घेतला की लगेच त्या खोलीची एक मिनिट शांतता घ्यायची. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते; पुढे कुठे ठिगळ लावायचं झालं तर तिथलीच शांतता लागते. मी हात वर केला की जो जिथे असेल त्याने तिथेच थिजायचं, शिंक आली तर गिळायची, आणि मी साठ मोजून हात खाली केल्यावरच श्वास सोडायचा. या रीतीला अपवाद नाही. आमच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे ताईसाहेब म्हणत, त्यांचे वडील गेल्याचा निरोप आला होता तेव्हाही मिनिट पुरं करूनच त्या रडल्या होत्या, असं सांगतात. रडल्या होत्या हे मात्र कुणी पाहिलं नाही.

तर एके दिवशी मी हात वर केला. दहा सेकंद बरे गेले. अकराव्याला काकांच्या सदऱ्याआडून काहीतरी निघालं. आधी खोल विहिरीत दगड लोळवल्यासारखं, मग चढत चढत गुरगुर, मग एक लांब, दुखावलेला हुंकार, आणि शेवटी थेंब पडल्यासारखे तीन टपटप आवाज. माझी सुई लाल रेघेला जाऊन आपटली. कुणी हललं नाही. मिनिट चालू होतं. काकांचे कान तेवढे तांबडे होत गेले.

आता योगायोग बघा. ताईसाहेबांनी तेव्हाच रेडिओसाठी चाळीस भागांची मालिका घेतली होती, गुहेत राहणाऱ्या एका जनावराची. जनावर कुणाला दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. महिनाभर आम्ही त्याचा आवाज शोधत होतो. चामडं घासून झालं, ट्रंका ओढून झाल्या, प्राणिसंग्रहालयातला सिंह आणला तर तो आजारी मामासारखा कण्हला. ताईसाहेब काचेच्या खोलीतून बाहेर आल्या. काकांसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या पोटाकडे बघत म्हणाल्या, पुन्हा करा.

काकांनी हात जोडून सांगितलं की मुद्दाम येत नाही, गोळीचं आहे. ताईसाहेबांनी कुठली गोळी, किती वाजता, कशाबरोबर, सगळं विचारून घेतलं आणि पाककृती लिहावी तसं वहीत उतरवलं. काका बिचारे खूश. त्यांना वाटलं, विचारपूस चालली आहे. शेवटी त्यांनीच सांगितलं की डॉक्टर खाऊन घ्या म्हणतात, मग आवाज बंद होतो.

ताईसाहेबांनी वही मिटली. “मग खाऊ नका.”

दुसऱ्या दिवशी फळ्यांवर जाड सतरंजी पडली. काकांना कोपऱ्यात स्टुलावर बसवलं, सदरा वर करून पोटाला पट्टीने माइक चिकटवला. माणसांच्या चालण्यासाठी ताईसाहेबांनी विकतची तयार पावलं लावायला सांगितली. पाकिटातली पावलं, आम्ही म्हणायचो. राजा, भिकारी, बाळंतीण, सगळे एकाच चालीने चालायला लागले. काका ते ऐकून डोळे मिटून घ्यायचे. मग पोटातून एक गुरगुर यायची आणि ताईसाहेब काचेमागून अंगठा दाखवायच्या.

काकांनी हे का चालवून घेतलं, तर एका वचनासाठी. वर्षाच्या शेवटी एक मोठा चित्रपट येणार होता. त्यात आंधळी राणी रिकाम्या महालात अनवाणी फिरते. अकरा मिनिटं. ना संगीत, ना संवाद, नुसती पावलं. पावलांच्या धंद्यात असलं काम जन्मात एकदा येतं, तेही आलं तर. ताईसाहेब म्हणाल्या होत्या, चाळीस भागांचं जनावर द्या, आंधळी राणी तुमची. पोट आधी बरं झालं तर राणीही पाकिटातली. काकांनी त्याच दिवशी कपाटातला नव्या विधवेचा जोड काढून ठेवला. अनवाणी राणीला जोड कशाला, विचारलं तर म्हणाले, घालायला नाही, शेजारी ठेवायला. तिने तो नुकताच काढला असेल ना.

जनावर गाजलं. लोक संध्याकाळी रेडिओभोवती गोळा होऊन घाबरायचे. कुत्री पलंगाखाली शिरायची. एका बाईला ते ऐकून दोन आठवडे आधी कळा सुरू झाल्या आणि मुलगा झाला. तो रडताना म्हणे आधी गुरगुरायचा. आमच्यातही हौस आली. स्टुडिओचा सुतार सकाळी काकांच्या पोटाला कान लावून आज स्वारीचा मूड काय ते जाहीर करायचा. मीही हसायचो. एकदा मी त्यांच्या डब्यावर ‘जनावरांना खायला घालू नये’ अशी पाटी लावली. खुद्द काकांनीच ती वाचून दाखवली आणि हसले, म्हणून मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही.

अठराव्या भागाला पोटाला सवय झाली. डॉक्टर म्हणाले होते तसंच. गुरगुर विरली, नुसती कबुतरासारखी घुमघुम राहिली. ताईसाहेबांनी ऐकलं आणि म्हणाल्या, “काका, हे जनावर नाही, हा जावई आहे.”

काका डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी वजन बघितलं, डोळ्यांच्या खालची कातडी ओढून बघितली आणि चिडलेच. जुनी गोळी बंद केली, सावकाश विरघळणारी लिहून दिली, रोज काय खायचं ते कागदावर लिहिलं, पाणी किती प्यायचं तेही. काकांनी नव्या गोळ्या आणल्या, वेष्टन न फोडता नव्या विधवेच्या बुटात ठेवल्या आणि जुन्या दोन-दोन घ्यायला लागले. हे मला दिसलं होतं. मी ते ताईसाहेबांना सांगितलं, चांगल्या हेतूने. त्या म्हणाल्या, “त्यांना कळतं त्यांचं.” एकोणिसावा भाग सगळ्यांत भीषण निघाला.

मग तपासनीस आला. प्राण्यांचा छळ होतो का ते बघणाऱ्या खात्याचा सडपातळ, सभ्य माणूस. तीनशे बारा पत्रं त्यांच्याकडे आली होती, की या स्टुडिओत कुठलंतरी मोठं जनावर उपाशी कोंडून ठेवलं आहे. ताईसाहेबांनी त्याला हवं तिथे फिरू दिलं. त्याने तळघर बघितलं, माळा बघितला, बुटांच्या कपाटात टॉर्च मारला, संडासात दोनदा डोकावला आणि तिथे बराच वेळ विचारात उभा राहिला. येता-जाता स्टुलावर बसलेल्या काकांना “जरा पाय घ्या” म्हणाला. काकांनी घेतले. तेवढ्यात आवाज आला. तपासनीस गर्रकन वळला. काका म्हणाले, माफ करा, माझं पोट. तो म्हणाला, तब्येतीला जपा. मग टेबलावर बसून त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं, की प्रस्तुत जागेत कुठलाही जीव उपाशी ठेवलेला आढळला नाही. साक्षीदार म्हणून खाली सही लागत होती. जवळच बसले होते म्हणून काकांचीच घेतली.

त्या आठवड्यात काकू पोस्टाची अर्धी सुट्टी टाकून स्टुडिओत आल्या. हातात डबा, दोन अंडी आणि पाव. लाल दिवा लागलेला, म्हणून दाराबाहेर तासभर उभ्या राहिल्या. दिवा विझल्यावर ताईसाहेबच बाहेर गेल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, की आणखी नऊच भाग, वहिनी. काकूंनी काकांकडे बघितलं. सदरा वर, पोटाला माइक, बरगड्या मोजता येतील अशा. त्या म्हणाल्या, “घरी बाल्कनी, इथे स्टूल. तुम्हाला खोलीत घेणारं एकही ठिकाण राहिलं नाही का हो?” काका म्हणाले, नऊच भाग. काकूंनी डबा मला दिला. मी तो खाल्ला. नाहीतर फुकट गेला असता.

एकोणचाळीस भाग झाले. चाळिसाव्यात जनावर मरायचं होतं. पण ताईसाहेब दिल्या शब्दाला जागल्या, हे सांगायला हवं. शेवटचा भाग घ्यायच्या आदल्या दिवशी त्यांनी सतरंजी काढायला लावली. फळ्या मेण लावून पुसलेल्या होत्या. समोर पडद्यावर आंधळी राणी उभी, पायांत काही नाही. काकांनी मोजे काढले. नव्या विधवेचा जोड बाजूला ठेवला, त्यात गोळ्या तशाच. उद्यापासून खाणार, मला म्हणाले. आज भरल्या पोटी नको. मी यंत्र सुरू केलं.

राणी चालली. मी आयुष्यात तसली पावलं ऐकली नाहीत. पाऊल यायचं ते आधी विचारत यायचं, फळी आहे का, थंड आहे का, कडा कुठे. डोळे मिटून बसलो असतो तरी मला महालाच्या भिंती दिसल्या असत्या. काचेमागे ताईसाहेबही पुढे वाकल्या. तिसरं मिनिट, चौथं मिनिट. पाचव्याला काका फळीच्या टोकापाशी वळायला गेले, वळता वळता थांबले, आणि सरळ खाली आले. आधी गुडघे, मग खांदा, मग डोकं. त्याबरोबर पोटातून तो लांब हुंकार निघाला, अर्ध्यात तुटला.

सुतार पुढे धावणार होता. पण ताईसाहेबांनी काचेवर बोट टेकवून माझ्याकडे बघितलं, आणि नवा आवाज आला की काय करायचं हे माझ्या हाताला माझ्याआधी ठाऊक होतं. माझा हात वर गेला.

सगळे थिजले. सुतार एक पाय पुढे टाकून तसाच. मी मोजत होतो. विसाव्या सेकंदाला काकांच्या पापण्या हलल्या. त्यांनी डोळे उघडले, काचेतून माझा वर केलेला हात बघितला आणि आहे तिथे, आहे तसे पडून राहिले. ओठाशी येणारा श्वासही त्यांनी धरून ठेवला. पोट तर गप्पच होतं, चार महिन्यांत पहिल्यांदा. साठ झाले. मी हात खाली केला.

काकांनी मान न उचलता विचारलं, “शांतता चांगली आली का?”

ताईसाहेब बाहेर आल्या. त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते. जनावराचं असं मरण लिहून होत नाही, म्हणाल्या. फक्त पडताना अंगठी फळीवर वाजली आहे, ती काढून एकदा पुन्हा द्या. काकांना उठवून बसवलं. ती अंगठी लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासून निघत नव्हती. काकूंनी साबण, तेल, दोरा, सगळं करून झालं होतं. आता बोट खाली केलं तशी ती आपोआप घरंगळली. काकांनी ती वाजू नये म्हणून दुसऱ्या तळव्यात झेलली आणि मोज्यात ठेवली. मग उभे राहिले, एका हाताने भिंत धरून.

“कुणाचं पडायचं, ताईसाहेब? राणीचं की जनावराचं?”

“जनावराचं. राणीचं मग बघू.”

काका पडले. या वेळी अंगठी वाजली नाही. मी हात वर केला, साठ मोजले, खाली केला. काकांनी काही विचारलं नाही, तेव्हा सुतार पुढे गेला.

इस्पितळात त्यांना दोन दिवस सलाईन लावलं. अंगातलं पाणी सगळं निघून गेलं होतं, डॉक्टर म्हणाले, आणि आणखीही बरंच काही म्हणाले, जे इथे लिहिण्यासारखं नाही. मी चौथ्या दिवशी भेटायला गेलो. काकू उशाशी बसून अंडं सोलत होत्या. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. जेवणाबरोबर नवी गोळी देत होते, आणि पोटातून हूं की चूं नाही. संध्याकाळी वॉर्डातल्या रेडिओवर चाळिसावा भाग लागला. सगळे रुग्ण उशांवर कोपर टेकून ऐकत होते. जनावर गुहेतून बाहेर आलं, हुंकारलं आणि धाडकन पडलं. मग ती शांतता. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा पाय ताणून म्हणाला, “मेलं एकदाचं.”

काकांनी मला खुणेने जवळ बोलावलं. ही शांतता पहिली की दुसरी, विचारलं. दुसरी, मी म्हणालो.

“पहिली घ्यायला हवी होती,” ते म्हणाले. “पहिलीत मी श्वास धरला होता. दुसरीतलं मला काही आठवत नाही.”

मग थोडं थांबून राणीचं विचारलं. खोटं बोलायला मला काय झालं होतं कुणास ठाऊक, पण मी खरं सांगितलं. चार मिनिटांत अकरा मिनिटं कशी भरणार, म्हणून ताईसाहेबांनी काकांची पावलं पुसायला सांगितली होती आणि राणी पाकिटातल्या पावलांनी चालवली होती. फळ्याही उखडल्या. कोपऱ्यातलं स्टूल तेवढं आहे.

“आधी काय टेकवते?” काकांनी विचारलं. “टाच की चवडा?”

मी आठवून सांगितलं, टाच.

काकूंनी अर्धं अंडं पुढे केलं. काकांनी ते घेतलं नाही. पांघरुणाखालून त्यांचं उजवं पाऊल बाहेर आलं, खाटेच्या लोखंडी दांड्यावर चवडा हलकेच टेकला, चाचपला, थांबला.

“आंधळी बाई आधी टाच टेकवत नाही,” ते म्हणाले, आणि तोंड भिंतीकडे केलं.